वहीचं पान पठाणाखालून गेलं तेव्हा

गणपतीला गावी आलो की पहिला दिवस मखर, आरास आणि पाहुण्यांत जातो. त्या वर्षी, म्हणजे १९ सप्टेंबर २०२३ ला, दुपारची आरती झाली आणि मी चुलतभावाला घेऊन खाडीवर गेलो. मे महिन्याच्या शेवटी बोट वर काढून ठेवली होती. त्यानंतर एकदाही बघितली नव्हती. ठाण्याहून फोन करायचो, भाऊ म्हणायचा, "आहे की उभी, ताडपत्री पण जागेवर आहे." आणि बोट खरंच उभी होती. लांबून बघताना मला काहीच वावगं दिसलं नाही.

आत जाऊन जिन्याशेजारचं कपाट उघडायला गेलो, तर दार हलेना. पावसाळ्यात लाकूड फुगतं, आमच्या घराची दारंही श्रावणात अडतात, म्हणून जोर लावला. दार उघडलं, पण पुन्हा चौकटीत बसेना. वरचा कोपरा बोटभर बाहेर राहत होता. टॉर्च आत मारला तेव्हा आडवी भिंत, बोटीच्या भाषेत बल्कहेड, जिथे डाव्या अंगाला चिकटवलेली असते तिथे वरपासून खालपर्यंत एक पांढरी रेघ दिसली. फायबरची पट्टी भिंतीपासून सुटली होती. त्या फटीत माझं नख जात होतं.

आमची बोट २४ फुटी, फायबरची, शिडाची, वजन दीड टनाच्या आसपास. मुंबईहून जुनी घेतली होती. विजयदुर्गच्या खाडीत थंडीचे चार महिने ती चालवायची आणि बाकीचा काळ तिच्याबद्दल बोलायचं, असं आम्हा दोघा भावांचं चाललेलं असतं. तिच्या पोटाखाली मधोमध माशाच्या परासारखा एक लोखंडी भाग आहे. इंग्रजीत त्याला फिन कील म्हणतात. आमच्याकडचे जुने लोक होडीच्या तळाच्या कण्याला पठाण म्हणतात, म्हणून आम्हीही पठाणच म्हणायला लागलो. फरक एवढाच की लाकडी होडीचा पठाण नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत सलग जातो, आणि आमच्या बोटीचा तळाशी जेमतेम मीटरभर लांब आहे. सगळं दुखणं या फरकातून आलं.

बोट पाण्यात ठेवायची आमची छाती नव्हती. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरून गेलं. त्या दिवशी नांगरलेल्या होड्यांची काय दशा झाली ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, मेअखेरीस सगळ्यांच्या होड्या वर येतात, शाकारल्या जातात. तेव्हा आपणही उधाणाच्या भरतीला बोट धक्क्याजवळ आणायची आणि हायड्रा क्रेननं उचलायची, असं ठरवलं. डोलकाठी काढून आडवी ठेवली, शिडं घरी नेली. इथपर्यंत सगळं बरोबर केलं.

चूक जागा निवडण्यात झाली, आणि ती माझी होती. धक्क्याच्या आतल्या बाजूला एक शेड आहे, तिच्या कडेला भरावाची मोकळी जमीन. रस्ता जवळ, क्रेन वळायला सोपी. मे महिन्यात ती जमीन इतकी कडक होती की पहार मारली तर ठिणगी पडेल. पठाणाखाली पुढे एक आणि मागे एक असे जांभ्याच्या चिऱ्यांचे दोन थर रचले. चारही बाजूंना ऐनाच्या लाकडाचे टेकू लावले. टेकूच्या डोक्याला वीतभर लांब-रुंद फळी आणि तिच्यावर गोणपाट. काम करणारी माणसं अनुभवी होती. आयुष्यभर त्यांनी होड्या वर काढल्या होत्या. पण त्या होड्या सलग पठाणाच्या, हात-हातभर अंतरावर वाक, म्हणजे आतल्या फासळ्या, असलेल्या. तिथे टेकू कुठेही लावा, मागे लाकडाची फासळी असतेच. आमच्या बोटीच्या पोटात फासळ्या नाहीत. आडव्या भिंती आहेत, आणि दोन भिंतींच्या मध्ये सहा मिलीमीटर जाडीचं नुसतं फायबर. डावा मागचा टेकू नेमका जिन्याजवळच्या भिंतीच्या दीड फूट मागे, त्या नुसत्या फायबरवर लागला होता. मी तिथे उभा होतो. मला ते कळायला हवं होतं.

त्या संध्याकाळी बाहेरून बघितलं तर टेकूच्या फळीभोवती बोटीचं अंग ताटाएवढं आत गेलेलं. उन्हं तिरकी पडली होती म्हणून दिसलं, दुपारी दिसलं नसतं. लवचीक पट्टी आडवी लावून मोजलं, १८ मिलीमीटर खोल.

माझा पहिला विचार असा की तो टेकू तिथून काढावा आणि शेजारी दुसरा ठोकावा. हातोडा घेतलाही होता. तेवढ्यात भावानं वाडीतल्या तांडेलकाकांना बोलावून आणलं. काकांचं वय आता ऐंशीच्या घरात. गलबतांवर खलाशी म्हणून सुरुवात केलेला माणूस. ते आधी बोटीभोवती एक पूर्ण फेरी मारून आले, वाकून पठाणाखाली बघितलं, आणि म्हणाले, "वहयेचा पान आसा काय तुझ्याकडे?"

भावाच्या खिशात नैवेद्याच्या सामानाची यादी होती. तो कागद काकांनी पठाण आणि मागच्या चिऱ्यांच्या मध्ये सरकवला. कागद आरपार गेला. पठाण मागच्या थरावर टेकलेलाच नव्हता.

"पावसात एकदा तरी येवन बघलंस?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. शेडच्या पत्र्याची पागोळी बरोबर मागच्या थराच्या बाजूला पडत होती. त्या साली पाऊस उशिरा आला, बिपरजॉय वादळ समुद्रातून लांबून गेलं आणि जूनचा दुसरा आठवडा उजाडल्यावर सरी सुरू झाल्या. पण जुलैत तो असा कोसळला की पागोळीनं भरावाची माती धुऊन नेली. चिरे खचले, बोटीची मागची बाजू खाली बसू लागली. त्यात ताडपत्रीला झोळ पडला होता, सुरूची पानं कॉकपिटमध्ये, म्हणजे मागच्या बसायच्या उघड्या खोलगट जागेत, साचून पाणी जायच्या दोन्ही नळ्या तुंबल्या होत्या. कॉकपिट दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि त्यात फूटभर पाणी. हिशेब केला तर ३४० लिटर होतात, म्हणजे ३४० किलो, आणि तेही सगळं मागच्या बाजूला. उजवा मागचा टेकू मातीत थोडा खचला. डावा मात्र खचला नाही, कारण त्याच्याखाली कुठल्या तरी जुन्या बांधकामाचा पाया निघाला. जो टेकू घट्ट उभा राहिला त्याच्यावरच सगळा भार आला आणि त्यानंच बोटीच्या अंगात डोकं खुपसलं.

"टेकू भार घेवक नसता, तोल धरूक असता," काका म्हणाले. "भार पठाणार."

रात्री झोप लागेना, म्हणून मी आकडेमोड करत बसलो. पाण्यात बोट तरंगते तेव्हा तिच्या अंगावर पाण्याचा दाब सगळीकडे पसरलेला असतो. अर्धा मीटर खोलीवर तो चौरस सेंटीमीटरला ५० ग्रॅम भरतो. आमच्या टेकूची फळी २० सेंटीमीटर बाय २० सेंटीमीटर, म्हणजे ४०० चौरस सेंटीमीटर. तिच्यावर ४०० किलो आले असं धरलं तरी चौरस सेंटीमीटरला एक किलो होतो. पाण्यापेक्षा वीसपट. शिवाय फळी सपाट आणि बोटीचं अंग गोल, तेव्हा पूर्ण फळी टेकतच नाही. प्रत्यक्ष दाब याहून जास्तच असणार. आणि हे तासाभराचं काम नव्हतं, तब्बल दोन महिने चाललं होतं. फायबरमधलं रेझिन, म्हणजे काचेचे धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ, एका फटक्यात तुटत नाही, सतत भाराखाली ते हळूहळू वाकत जातं आणि मग भार काढला तरी पुरतं मागे येत नाही. ही गोष्ट मी वाचलेली होती. माझ्याच बोटीच्या संदर्भात ती मला आठवली नाही, याचं फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी सांगितलेल्या क्रमानं काम केलं. "आधी पाणी काढ. मगे पठाण धर. टेकवाक हात लाव नको." बादल्यांनी पाणी उपसलं, नळ्या मोकळ्या केल्या. मागचे खचलेले चिरे काढायच्या आधी त्यांच्या शेजारी खड्डा करून खाली जाड फळ्या अंथरल्या, त्यांच्यावर ऐनाचे ठोकळे आडवे-उभे रचले. मग पठाणाखाली समोरासमोरून दोन पाचरी, दोघांनी एकाच वेळी एकेक ठोका घालत. दहा ठोके मारायचे, थांबायचं, कागद सरकवून बघायचा. कागद अडायला लागला तेव्हा काका म्हणाले, अजून. कागद फाटला तेव्हा म्हणाले, पुरे.

टेकू हलवण्याआधी नवा टेकू कुठे लावायचा ते ठरवायचं होतं. आतून कॉकपिटच्या कडेपासून भिंतीपर्यंतचं अंतर दोरीनं मोजलं, तीच दोरी बाहेरून लावली आणि खडूनं रेघ मारली. पण दोरीवर विसंबून चालत नाही. भाऊ आत बसला, मी बाहेरून लाकडी मुठीनं ठोकत गेलो. रेघेपासून दोन इंच पुढे आवाज एकदम बदलला, भरीव झाला. भिंत तिथे होती. नवा टेकू तिथे लावला, फळीला बोटीच्या गोलाईप्रमाणे तासून, रुंदीला दुप्पट. समोरासमोरचे टेकू बोटीखालून साखळीनं एकमेकांना बांधले, म्हणजे एकही बाहेर घसरू शकत नाही. ताडपत्रीच्या दोऱ्या आम्ही टेकूंना बांधल्या होत्या, वाऱ्यानं ताडपत्री फडफडली की टेकू हलणार हे उघड आहे, तरी बांधल्या होत्या. त्या सोडून जमिनीतल्या खुंट्यांना बांधल्या.

मग जुना टेकू सैल केला. हात हलके ठेवून, पाव इंच, पाव इंच. अंग परत वर येताना आतून बारीक कुरकुर ऐकू आली. संध्याकाळपर्यंत १८ मिलीमीटरचा खळगा ७ वर आला, दुसऱ्या दिवशी सकाळी ४ वर. भावाला हायसं वाटलं. मलाही वाटलं असतं, पण काकांनी खिशातून रुपयाचं नाणं काढून माझ्या हातात दिलं. "माठ घेताना वाजवन घेतंस मां? तसा वाजय."

चांगल्या जागी नाणं टणटण वाजत होतं. खळग्याजवळ आलो आणि आवाज बद्द झाला, तडा गेलेल्या मडक्यासारखा. बद्द आवाजाच्या हद्दीवर खडूच्या खुणा करत गेलो. बाहेरून ताटाएवढा दिसणारा खळगा ३० सेंटीमीटर, पण आतले थर एकमेकांपासून सुटले होते ते जवळपास ५० सेंटीमीटरपर्यंत. बाहेरचं गुळगुळीत अंग परत जागेवर आलं म्हणजे बोट बरी झाली असं समजून रंग मारला असता, तर पुढच्या हिवाळ्यात खाडीच्या तोंडाशी लाटेत ती जागा फुटली असती. हे मी अंदाजानं बोलत नाही, आतून फोडल्यावर जे दिसलं त्यावरून बोलतो.

पण ते फोडायला ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं. सप्टेंबरमध्ये हवेत एवढी ओल असते की फायबरचं काम करायचंच नाही. अंगात मुरलेलं पाणी आधी सुकायला हवं. ताडपत्रीच्या बाजू वर बांधून, आतले सगळे झाकण-फळ्या काढून वारा खेळता ठेवला. भाऊ दर आठवड्याला जाऊन कागद सरकवून बघायचा आणि मला फोटो पाठवायचा.

ऑक्टोबरच्या उन्हात काम सुरू झालं. किनाऱ्यावर फायबरच्या होड्या इतक्या झाल्यात की फायबर मारणारा मेस्त्री शोधावा लागत नाही. आमचे मेस्त्री हाताचे फार चांगले. ते नेहमीचं पॉलिएस्टर रेझिन आणि मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या तुकड्यांची चादर, घेऊन आले. होडीला रोज तेच वापरतात आणि ते टिकतंही. पण होडी बांधताना एक थर ओला असताना पुढचा बसतो. इथे वीस-पंचवीस वर्षांच्या जुन्या, पूर्ण सुकलेल्या फायबरला नवा थर चिकटवायचा होता. तिथे पॉलिएस्टरची पकड कमी पडते, इपॉक्सी या दुसऱ्या रेझिनची चांगली बसते. इपॉक्सी घ्यायचं म्हटलं की मॅटही बदलावी लागते, कारण मॅटमधले तुकडे ज्या चिकट भुकटीनं धरलेले असतात ती पॉलिएस्टरमध्ये विरघळते, इपॉक्सीत सहसा विरघळत नाही. म्हणून विणलेलं कापड मुंबईहून मागवलं. मेस्त्रींना सुरुवातीला हे पटलं नाही. आम्ही दोन जुन्या तुकड्यांवर दोन्ही पद्धतींनी पट्ट्या चिकटवल्या आणि चार दिवसांनी पकडीनं उपटून बघितल्या. पॉलिएस्टरची पट्टी सोलून निघाली. इपॉक्सीची ओढली तेव्हा खालचा जुना थर घेऊन आली. मेस्त्रींनी तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि मग म्हणाले, "चला, दाखवा कसं कालवायचं ते."

आतून ग्राइंडर लावला. झोपायच्या फळीखालची ती जागा इतकी अरुंद की मेस्त्री पाठीवर झोपून काम करत होते. तोंडाला मास्क, अंगभर कपडे, तरी रात्री दोघांचेही हात खाजत होते. वरचा रंग निघाल्यावर खालचं फायबर पांढरंफटक दिसलं, चिरडलेल्या उसाच्या चोयट्यासारखं. पांढरं संपून हिरवट पारदर्शक फायबर लागेपर्यंत खरवडत गेलो. कडेला उतार दिला. नियम असा की जाडीच्या बारापट लांब उतार हवा. सहा मिलीमीटरला सव्वासात सेंटीमीटर होतात. एवढा उतार दिला नाही तर नवा तुकडा ठिगळासारखा कडेनंच सुटतो.

पहिल्या दिवशी मी एक चूक केली. मगात एकदम ४०० ग्रॅम इपॉक्सी कालवलं. त्या उन्हात पाच मिनिटांत मग हातात धरवेना, आणि त्यातून धूर यायला लागला. ते सगळं फुकट गेलं. त्यानंतर पसरट ट्रेमध्ये १५० ग्रॅमच कालवायचं, आणि काम सकाळी सातला सुरू करून दहाला थांबवायचं. सगळ्यात मोठा तुकडा आधी, म्हणजे जुन्या अंगाला अखंड धागा चिकटतो, मग त्याच्यावर लहान-लहान होत जाणारे. प्रत्येक थर रोलरनं दाबून हवा काढायची. दुसऱ्या दिवशी पृष्ठभागावर मेणचट थर येतो, तो स्वच्छ पाणी आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीनं धुवायचा, त्याशिवाय पुढचा थर चढवायचा नाही. भिंतीची सुटलेली पट्टी पूर्ण कापून नवी बसवली, कोपऱ्यात गोलाई देऊन.

बाहेरून फक्त भरण आणि लांब ठोकळ्यावरचा पॉलिशपेपर. ते सोपं होतं, फक्त खांदे दुखले. पठाणाचे बोल्ट तपासले, सांध्याला चीर नव्हती. सगळा खर्च, क्रेन धरून, ४८ हजारांवर गेला.

डिसेंबरमध्ये काकांना घेऊन गिर्येला गेलो. तिथे आंग्र्यांच्या आरमाराची जुनी गोदी आहे, तोंड आता गाळानं भरलेलं. मी लहानपणापासून तिथे गेलोय, पण तळाकडे कधी बघितलं नव्हतं. काका काठीनं दाखवत होते, कातळ. खाली माती नाही, भराव नाही. जहाज ज्या जमिनीवर टेकायचं ती जमीन पाऊस कितीही पडला तरी खचणार नाही अशी निवडलेली. पुढच्या मेमध्ये आम्ही बोट धक्क्यापासून दोन किलोमीटर आत, सड्यावरच्या कातळावर नेली. क्रेनचं भाडं जास्त पडलं. लोखंडी सांगाडा करून घेतला, ज्यात पठाण अख्ख्या लांबीनं लाकडावर बसतो आणि टेकूच्या जागा भिंतींशी जुळवून कायमच्या ठरवल्या आहेत. बाहेरून अंगावर त्या जागी छोटे त्रिकोण रंगवलेत, म्हणजे उद्या आम्ही नसलो तरी काम करणाऱ्याला कळेल. भाऊ जूनपासून दर पंधरा दिवसांनी जातो, आणि मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी जातोच. मी पण आता जुलैत एकदा येतो, रजा काढून.

जिन्याशेजारच्या कपाटाचं दार पुन्हा बसायला लागलंय. वरच्या कोपऱ्यात अजून थोडं घासतं, कागदाच्या जाडीएवढं. मेस्त्री दर वेळी रंधा घेऊन येतात, म्हणतात, एका मिनिटाचं काम आहे. मी त्यांना अजून हात लावू दिलेला नाही. बोट वर काढली की आत जाऊन मी आधी ते दार उघडतो आणि बंद करतो.